पंख्याखाली ऐकलेली थंडी

६ नोव्हें. ९५, सोमवार. कोपरखैरणे

वसंत अजून नाही. शुक्रवारी सकाळी दूध आणायला गेला तो गेलाच. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, पायात चपला. डॉक्टर म्हणतात मेंदू आकसतोय. आकसू दे, पण दूध रोज न चुकता आणत होता.

चौकीत हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, भांडण झालं का. म्हटलं, लग्न झाल्यापासून रोज होतं, त्यासाठी कुणी घर सोडत नसतं. मग वर्णन. उंची, रंग, चष्मा. केस? काळे, मी सांगितलं. दर रविवारी मीच काळे करते, जुन्या टूथब्रशने. अविला, पोटच्या मुलाला, माहीत नाही. चौकीत कशाला सांगू?

आमच्या घरमालकीण पाटीलबाई बोनकोड्याहून मुद्दाम आल्या. "रडू नको बाय. थंडी लागली का मानूस येतोच घरा." मी रडत नव्हते. आणि कसली थंडी, पंखा पाचावर आहे.

८ नोव्हें.

टीव्हीवर हरवलेल्यांमध्ये त्याचा फोटो दाखवला. निरोपसमारंभातला, कोट-टाय घातलेला. अगदी कलेक्टर. त्याला असा कोण ओळखणार?

पाठोपाठ बातम्या, शेवटी हवामान. श्रीनगरला बर्फ. अमृतसर सहा अंश. दिल्लीत धुकं. मद्रासला संततधार. उपसागरात कमी दाबाचा पट्टा. मुंबई, चौतीस. ती मुलगी हे सगळं हसत सांगते. हसतेस काय बाई? त्यातल्याच कुठल्यातरी गावात माझा नवरा बुशशर्टात झोपलाय.

कुठल्या गावात, हाच प्रश्न. जन्मभर रेल्वेत गार्ड होता. टी.सी.ला 'स्टाफ' म्हटलं की कुणी तिकीट विचारत नाही. बाकी सगळं विसरला, तो एक शब्द विसरायचा नाही.

१० नोव्हें.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ऑटम शिकवला. पानं लाल होतात, सफरचंदं पिकतात, शेकोटीला चेस्टनट भाजतात. ठाण्याच्या पोरी आम्ही, घामाने निथळत पाठ म्हणायचो. इथला ऑटम म्हणजे खाडीचा वास, संध्याकाळी डास. पण हा देश केवढा आहे ते तेव्हा कळलं नव्हतं. एकाच संध्याकाळी एकीकडे माणूस गारठून मरू शकतो आणि एकीकडे बुडून.

खालच्या जोशीबाई समाचाराला. म्हणाल्या, नवऱ्याला नावाने हाक मारली की त्याचं आयुष्य कमी होतं. विचारलं, तुमच्या 'अहों'ना मधुमेह कशाने झाला? चहा न घेता गेल्या.

अन्न जात नाही.

१३ नोव्हें.

फोटो बघून दोन फोन. एक लुधियानाहून, एक कटकहून. दोघांचीही खात्री. अवि लुधियानाला निघाला. मी म्हटलं, अरे, तिकडे ओरिसाकडे वादळ सरकतंय, आधी कटक. "आई, एका वेळी एकाच दिशेला जाता येतं," म्हणाला. खरं आहे. तरी राग आला. बापाला शोधायला निघालेल्या मुलावर ओरडले. जाताना स्वेटर घेतला नाही त्याने, माझ्यावर चिडून.

आता दोघांची थंडी ऐकायची.

१५ नोव्हें.

लुधियानाचा माणूस बंगाली निघाला. अविने एस.टी.डी. बूथवरून सांगितलं. "बाबांसारखाच दिसतो गं पाठमोरा," म्हणाला. मीटर पडत राहिलं.

कटकचा फोन लागत नाही. वादळाने लायनी तोडल्या. म्हणजे तिथे असेल तर

१७ नोव्हें.

अवि आला. काल. खोकतोय.

रात्रीच्या बातम्यांत पुन्हा तो नकाशा. मनात आलं, हे भुसावळचं तापमान कधी सांगत नाहीत.

मी मूर्ख. वसंत कामावर भुसावळच्या पुढे कधी गेलाच नाही! गार्डाची हद्द असते. इथून गाडी न्यायची, भुसावळला दुसऱ्या गार्डाच्या ताब्यात द्यायची, रनिंग रूममध्ये जेवून झोपायचं आणि परतीच्या गाडीचं बोलावणं येईपर्यंत थांबायचं. बोलावणं आल्याशिवाय हलायचं नाही. वर्षानुवर्षं हेच केलं त्याने. मी काश्मीर ते मद्रास शोधतेय आणि हा माणूस भुसावळच्या खाटेवर बोलावण्याची वाट बघत बसला असणार.

अवि म्हणाला, उद्या जाऊ. मीही जाणार. वाद नको.

१९ नोव्हें. भुसावळ

रनिंग रूमच्या खानसाम्याला फोटो दाखवला. नाही म्हणाला. काळ्या केसांचे असे कोणी आले नाहीत. अवि परत फिरला. तेव्हा मला सांगावंच लागलं. म्हटलं, मुळाशी पांढरे आणि टोकाला काळे?

खानसाम्याने फोटो पुन्हा हातात घेतला. "ते गार्डसाहेब होय! होते की. आठवडाभर होते."

सगळ्यांना वाटलं कुठल्या स्पेशल ड्यूटीवर आहेत. चादरीची नीट घडी करायचे. उठले की पहिलं विचारायचे, माझं बोलावणं आलं का. नाही म्हटलं की दाढी करून, बूट नाही म्हणून चपला पुसून, खाटेवर ताठ बसायचे. जेवायला बोलावलं तरी आधी तेच.

मग कुठे गेले?

तो खाली बघायला लागला. "ताई, मला बघवेना हो. एका सकाळी म्हटलं, साहेब, आलं बोलावणं, गाडी लागलीय. लेकरासारखे हसले. चपात्या बांधून दिल्या मी."

"कुठली गाडी?"

"जी उभी होती ती."

हावड्याची होती. मुंबईची नाही.

हात उचलला होता मी. तोच रडायला लागला. अवि मला बाजूला घेऊन गेला. कँटीनमध्ये म्हणाला, केसांचं मला तरी सांगायचं.

आता त्याला त्याची हद्द संपल्याचं कोण सांगणार? पुढचं एकही स्टेशन त्याच्या ओळखीचं नाही.

२१ नोव्हें. नागपूर

अकोला, बडनेरा, वर्धा, सगळीकडे उतरलो. रनिंग रूम, वेटिंग रूम, सरकारी दवाखाने. दवाखान्यात आधी शवागारात नेतात. कारण विचारलं तर म्हणे, ते लवकर बघून होतं. अशी व्यवस्था. दोन्हीकडे नव्हता.

बडनेऱ्याच्या एका हमालाला आठवला. डब्याच्या दारात उभा राहून हिरवा झेंडा दाखवावा तसा हात हलवत होता म्हणे. गाडी पुढे गेली.

अविने मला इथे शाल घेतली. त्याची रजा संपली, साहेबाने फोनवर झापलं. म्हटलं, तू जा, मी शोधते. म्हणाला, मग मला दोघांना शोधावं लागेल.

२३ नोव्हें. गोंदिया

पहाट. फलाटावर. इथली थंडी टीव्हीवर कुणी सांगत नाही, आणि सांगितली असती तरी पंख्याखाली बसून मला काय कळलं असतं. दात वाजतात. बोटं वळत नाहीत, अक्षर वाकडं येतंय.

चहावाल्याने चार-सहा दिवसांमागे एक म्हातारा पाहिलाय. बुशशर्टातला. चहा दिला, पोतं दिलं पांघरायला. त्याने पोत्याची घडी करून बाकावर ठेवली. मग कुठे गेला? "अब दोनों तरफ़ गाड़ी जाती है, माताजी."

अवि स्टेशनमास्तरांकडे गेलाय. मी त्या बाकावर बसलेय. शाल काढून ठेवली. पदरही खांद्यावरून घेतला नाही. अवि येऊन ओरडेल, ओरडू दे. नुसत्या बुशशर्टात माणसाला किती सोसतं ते बघायचंय.

अजून सोसतंय.