शाल, श्रीफळ आणि नववा भाग

दिघोरी, नागपूर
रविवार (दुपारचं जेवण झाल्यावर, स्वयंपाक माझ्या हातचा असल्यामुळे तब्येत जरा नरमच)

तीर्थस्वरूप धोंडबाभाऊ यांच्या चरणी जावई महादेवरावाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी आणि नात अपेक्षा, कारण तिसरं माणूस सध्या उमरेडला तुमच्याच घरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं तेल तुम्ही लावलं नसणारच. आयुष्यात तुम्ही माझं एकच ऐकलंत, 'बहीण देता का' हे, आणि त्याचा पश्चात्ताप आजतागायत करत आहात. प्रेमिला मंगळवारी सकाळच्या बसनं निघाली. भावाकडे मिरच्या वाळवायला जाते म्हणाली. तुम्ही यंदा मिरची लावलीच नाही हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, पण मी काही बोललो नाही आणि ती तर त्याआधीपासूनच बोलत नव्हती. तरी हे पत्र त्याबद्दल नाही. असल्या गोष्टींसाठी पत्र लिहिणाऱ्यांतला मी नाही. हे आनंदाचं पत्र आहे. तुमचा जावई सध्या महाराष्ट्रभर गाजतो आहे, आणि ही हकीकत तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी (पोचली असेलच) खुद्द माझ्याकडून कळावी एवढाच हेतू.

तुम्ही जाणताच, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत मी उभी हयात खलनायक केला. दिवाळी ते होळी गावोगावचे मंडप आणि उरलेलं वर्ष कळमन्याच्या फळबाजारात अडत्याकडे संत्र्यांची बोली पुकारायची. दोन्हीकडे काम एकच, आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. मी सुना घराबाहेर काढल्या, विधवांची शेतं लाटली, सख्ख्या भावाला विहिरीत ढकललं (एकदा विहिरीचा पडदाच माझ्या अंगावर पडला, तो भाग सोडा). पहिल्या रांगेतल्या बायका माझ्या नावानं बोटं मोडायच्या, आणि तो कडकड आवाज स्टेजवर ऐकू आला की मी समजायचो, आजचं नाटक उभं राहिलं. हीरोला हार मिळतो, आम्हाला शिव्या मिळतात. त्या जरा कमी दर्जाच्या मिळाल्या तर मला जेवण जात नसे.

प्रेमिलाचं मात्र निराळं होतं. नळावर गेली की बाया तिला दबक्या आवाजात विचारायच्या की घरी मारतो का गं. लग्नानंतर ती माझ्या एकाच नाटकाला आली आणि मध्येच उठून गेली, कारण शेजारची बाई माझ्या नावानं बोटं मोडत होती आणि हिला कळेना की आपण तिचा हात धरावा की आपणही मोडावीत. त्यानंतर तिनं मंडपात पाऊल टाकलं नाही. मी कधी आग्रहही केला नाही.

आता 'काजळमुलूख'कडे येतो. ही परदेशात काढलेली चित्रांची मालिका आहे, महिन्याला एक भाग मोबाइलवर येतो. कार्टून म्हणून नाक मुरडू नका. यात सूर्य नसलेला मुलूख आहे, राखेतून चालणारी माणसं आहेत, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवावा तो हमखास दगा देतो, म्हणजे आपल्या भावकीसारखंच, फक्त कपडे वेगळे. कॉलेजची पोरं यावर जीव टाकतात. तिची मराठी आवृत्ती धरमपेठेतल्या एका स्टुडिओत होते, आणि त्यांना म्हातारा आवाज हवा होता म्हणून अपेक्षा मला घेऊन गेली. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं तर काचेपलीकडचा पोरगा कानावरचं यंत्र काढून उभाच राहिला. म्हणाला, आजोबा, माइक तोंडासमोर आहे, कळमन्याला नाही. मग पासष्टी उलटल्यावर मी हळू बोलायला शिकलो. भूमिका होती वेलन गुरुजींची. हे गुरुजी आंधळे, दिवे राखणारे, ईरा नावाच्या पोरक्या मुलीला वाढवणारे. रोज तिला थोपटून म्हणतात, 'तू नीज, दिवा मी पाहतो.' प्रेमिलानं पहिला भाग अपेक्षाच्या मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शोभाताईंना स्वतः बोलावून दाखवला. पुढचे आठ महिने आमच्या गल्लीत मी भला माणूस होतो. ओळखीपाळखीच्या बायका 'गुरुजी' म्हणून नमस्कार करायच्या आणि प्रेमिला माझ्या ताटात न मागता तुपाची धार सोडायची.

मग नवव्या भागाचे संवाद हाती आले आणि ते मी चष्मा पुसून दोनदा वाचले. गुरुजी आंधळे नाहीतच. ईराचं गाव ज्यानं जाळलं तो काजळराजा म्हणजे हेच, आणि जिला मांडीवर वाढवलं तिचा प्राणदिवा हेच फुंकर मारून विझवतात, आणि विझवताना तेच रोजचं वाक्य म्हणतात, त्याच मायेच्या आवाजात. भाऊ, मी जन्मभर ओरडून दुष्टपणा केला. हळू आवाजात तो केवढा मोठा होतो हे मला त्या दिवशी कळलं. मी ते वाक्य एका दमात दिलं आणि काचेपलीकडचा पोरगा (एरवी जांभया देणारा) माझ्याकडे पाहायचंच टाळू लागला. स्टुडिओनं आधीच सही घेतली होती की भाग येईपर्यंत घरच्या माणसालाही सांगायचं नाही. मी सही पाळली. (गुपित राखायची तुमच्या घराण्यात रीत नाही, म्हणून तुम्हाला हे विशेष वाटेल.)

इथवर ठीक होतं. पण आपल्याकडे माणूस नुसता चांगला निघून भागत नाही, त्याचा सत्कार करावा लागतो. अपेक्षाच्या दोस्तमंडळींनी ठरवलं की नववा भाग समाजभवनात मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहायचा. ते ऐकून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे मधुकरराव (निवृत्त मुख्याध्यापक, भाषण हे त्यांचं बारमाही पीक) म्हणाले की लोक जमतच आहेत तर आधी 'आदर्श गुरुजी' म्हणून महादेवरावांचा सत्कार उरकू. मी म्हटलं, भाग झाल्यावर करा. म्हणाले, नंतर पोरं पांगतात. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात करा. तोवर चौकात फ्लेक्स लागला होता, त्यात मी छोटा आणि मधुकरराव मोठे. मी म्हटलं, तब्येत बरी नाही, तर ते डॉक्टर घेऊन घरी आले. शेवटी प्रेमिला म्हणाली की जन्मात पहिल्यांदा कोणी शाल देऊन राहिलं तर नाटकं काहून करता, आणि तिनं कपाटातून लग्नातला शालू काढला. तो शालू पाहिल्यावर मी मुकाट सदऱ्याला इस्त्री करायला घेतली.

सत्कार जोरात झाला. अशा गुरूच्या हाती लेकरू डोळे मिटून सोपवावं, असं मधुकरराव पुनःपुन्हा म्हणाले, आणि दर वेळी माझ्या पाठीवरून घाम उतरला (शाल लोकरीची होती म्हणून कोणाला संशय आला नाही). शोभाताईंनी प्रेमिलाची ओटी भरली. मग तिला चार शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं लाजून नाही म्हणेल. पण ती उठली, पदर सारखा केला आणि सगळ्या समाजभवनाला म्हणाली, "इतके वर्सं लोकं मले विचारत होते, तुहा नवरा असा कसा वं. आता विचारा." आणि बसली. टाळ्या थांबेनात. मीही टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार.

मग दिवे गेले. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, लोकांकडे पाहत बसलो. स्टुडिओत बाकी सगळं मिळतं, पण आपला शब्द कुठं जाऊन पडला ते कळत नाही, आणि नटाला त्याचीच भूक असते. इथं फुंकर आली आणि भरलेलं समाजभवन श्वास घ्यायचं विसरलं. मागून कोणी हळूच 'नाही, नाही' म्हणालं. काळे कपडे घातलेली एक उंच मुलगी, सगळ्यांत पक्की भक्त, ओंजळीत तोंड घालून रडू लागली. एका पोरानं पडद्यावर आलूबोंडा फेकला, तो चटणीसकट गुरुजींच्या दाढीवर बसला आणि सावकाश खाली घसरला. दिवे लागताच मधुकरराव बाहेरच्या फ्लेक्सकडे धावले, तो उतरवायला. आणि शोभाताईंनी, भाऊ, ज्यांच्याकडून आम्ही रोज विरजण आणतो त्या शोभाताईंनी, माझ्याकडे वळून दहाही बोटं मोडली. किती वर्षांनी तो आवाज ऐकला. माझे डोळे भरून आले, ते मी सत्काराच्याच शालीनं पुसले. लोकांना वाटलं पस्तावला. मी खुशीत होतो.

प्रेमिला ना रडली, ना ओरडली. तिनं एवढंच विचारलं, "हे तुमाले माहीत होतं? शाल घेतानी?" मी होतं म्हटलं. "आन् मी उभी राहून बोलली तेव्हा?" तेव्हाही होतं. मी सहीचं कारण सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "त्यायच्या कागदावर सही होती. आपल्या लग्नात कुठं सही झाली होती, म्हणून मी कोणीच नाही." ओटीतला नारळ माझ्या मांडीवर ठेवून ती घरी गेली. त्यानंतर ताट वेळेवर येत होतं, भाजीत मीठ बरोबर होतं, पण शब्द नाही आणि तूप तर नाहीच. मग मंगळवारी तुमच्या न लावलेल्या मिरच्या वाळवायची वेळ झाली.

असो. पत्र आनंदाचं आहे म्हटलं ना, तर तिकडे वळतो. अपेक्षा मला रोज लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवते. सांगलीचा एक जण लिहितो की या म्हाताऱ्याला कोणी मरताना पाणी पाजू नये. नाशिकच्या मुलीनं मांजराचं नाव गुरुजी ठेवलं होतं, आता नवं नाव ठेवलं तर मांजर ओ देत नाही. एका पोरानं दंडावर गुरुजींचा दिवा गोंदवून घेतला होता, तो आता विचारतो आहे की याचा कंदील करता येईल का. अमरावतीच्या एका मास्तरांची तक्रार आहे की वर्गात ते मायेनं बोलले की मुलं एकमेकांकडे पाहतात. पुण्याच्या एकानं लिहिलं आहे की शुद्ध तुपासारखा आवाज आणि आत विष (पुण्याहून एवढं आलं म्हणजे पद्मश्रीच समजा). ज्यांना मी कधी पाहिलं नाही, जे मला कधी पाहणार नाहीत, ते घराघरांत माझा तळतळाट करत आहेत, आणि मी साधा आवाजही चढवलेला नाही. भाऊ, मला माझा फार अभिमान वाटतो. लपवून काय करू?

वहिनींना नमस्कार सांगा आणि घरातल्या पोरांना माझ्याकडून आशीर्वाद द्या, घेतील तर.

आपला गाजलेला जावई,
महादेवराव

ता. क. प्रेमिलाचा वाचायचा चष्मा इथंच राहिला आहे. चष्मा ही काही दुसऱ्याच्या हाती पाठवायची वस्तू नव्हे. तिनंच येऊन न्यावा हे उत्तम.

दुसरा ता. क. चष्म्याचं सोडा. खरं लिहितो. एवढ्या शिव्या येतात, पण त्या ऐकून 'बरं झालं, जेवा आता' म्हणणारं माणूस घरात नाही, त्यामुळे सगळं अळणी लागतं. आठ महिने ती माझा अभिमान बाळगून होती आणि तो मी चारचौघांत तिच्याच डोळ्यांदेखत विझवला. तिची समजूत घाला. तुमचं ती ऐकेल. माझ्याबद्दल तुम्ही पूर्वी जे जे बोललात ते सगळं मी मान्य करतो, त्यातलं हवं ते वापरा.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुमच्या सुनेचा, मेघाचा, फोन आला. म्हणाली, आत्याबाई रोज दुपारी आळीतल्या बायकांना गोळा करून माझ्या मोबाइलवर नववा भाग दाखवतात. बायका बोटं मोडतात, रडतात, शिव्या देतात. आणि आत्याबाई म्हणतात, "मोडा, आणखी मोडा. पण आवाज ऐकून राहिल्या ना? माह्या नवऱ्याचा हाये." हे ऐकून मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. माझ्या खलनायकाचा हा पहिला सत्कार, भाऊ. आता मला कोणाची शाल नको.

पण नागपूरला कधी जाता असं मेघानं विचारलं तर प्रेमिला म्हणते, ईरा खरोखर मेली की वाचली हे अवघ्या दुनियेच्या आधी त्यांनी मले सांगावं, मंग पाहू. पुढच्या भागाचे संवाद माझ्यापाशी आहेत आणि त्यावरही माझी सही आहे. ती सही गेली चुलीत. उद्या सकाळच्या बसनं उमरेडला येतो. तिला सांगणार आहे, आणि फक्त तिलाच सांगणार आहे. पोस्टात टाकलं तर हे पत्र माझ्या मागून पोचेल, म्हणून मीच घेऊन येतो आणि दारातच आपल्या हाती देतो. आपण ओसरीवर बसून सावकाश वाचावं. जरा लांबलं आहे ते बरंच झालं, आपलं वाचून होईपर्यंत माझं आत तिला सांगून होईल.