तिने ताटली बाजूला सारली

कार्डिफ, मंगळवार संध्याकाळ

लॅपटॉप माझ्या ओट्यावर मांडायचा, आणि व्हिडिओ कॉलवर पलीकडच्या बायकांना मीही दिसते हे मला सांगायचं नाही! पण नातीला तरी किती बोल लावू? तोंड माझंच सुटलं.

रेवाचं युनिव्हर्सिटीचं प्लेसमेंट आहे, म्हणजे शिकता शिकता काम. कॅनडाच्या बर्फात राहणाऱ्या इनुइट बायकांच्या जेवणावर अभ्यास झालाय, तो त्यांनाच समजावून सांगायचा. एक म्हातारी जमिनीवर बसून सीलचं कच्चं मांस कापत खात होती. मी पदर नाकाला लावला आणि म्हटलं, "शी!" कळायला भाषा कशाला लागते? तिने हसून ताटली बाजूला सारली.

"आजी, त्या आता आमच्याशी बोलणार नाहीत!" रेवा रडवेली. मग म्हणे, "मी सॉरीचा ईमेल करते."

इथे मी सुके बोंबील भाजले की शेजारीण खिडकी आपटते. तेव्हा मीही अशीच हसून तवा झाकते. आणि आज मीच... हसून सारली हो ताटली तिने.

ईमेल नको. गुरुवारी परत कॉल आहे. माफी मी मागणार. रेवाने नुसतं इंग्रजी करायचं. म्हातारीला काहीही विचारू दे, उत्तर मी देईन. रेवाने मध्ये तोंड घालायचं नाही.