नानांचा एक शब्द

३ मार्च

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद. तू गेल्यापासून नानांची तब्येत जैसे थे आहे. उजवा हात उशीवर पडून असतो, डाव्याने चमचा धरतात. नवी बातमी म्हणजे मंगळवारी त्यांना वाचा फुटली. शब्द एकच : टेक. मी उशा बदलत होते तेव्हा म्हणाले. मग औषध देताना, खिडकी लावताना, फरशी पुसताना. अगदी खणखणीत, वर्गात म्हणायचे तसं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अशा झटक्यानंतर कधीकधी शिकलेली परकी भाषाच आधी परत येते. ज्याने जन्मभर इंग्रजी क्रियापदं शिकवली त्याला दुसरं काय आठवणार? पण घ्यायचं काय, ते कळत नाही. गोळी पुढे केली की तोंड मिटतात, पाणी दिलं की मान फिरवतात. आता इंग्रजी तू शिकवतोस, तेव्हा तूच सांग.

मी अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. तेवढा वेळ शेजारच्या काकू बसतात.

लोभ आहेच; तो वाढवण्यापेक्षा पत्रं वाढव.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून हसू आलं. हे क्रियापद नानांनी माझ्याकडून किती घोकून घेतलं होतं! औषध घेणं, फोटो काढणं, बस पकडणं, परीक्षा देणं, वेळ लागणं, सगळं टेकच. विमान उडतं तेही टेक ऑफ आणि माणूस कोट उतरवतो तेही टेक ऑफ. नाना म्हणायचे, इंग्रजी क्रियापद म्हणजे घरातला झाडू : केरही काढा, झुरळही मारा.

पण मला एकच अर्थ सारखा आठवतोय, सोबत नेणं. ‘मला ने’ असं तर म्हणत नसतील? ते तुला कंटाळले असं मी म्हणत नाही. पण तुझ्याकडे तीन जिने, माझं घर तळमजल्यावर. हिने आतली खोली रिकामीही केली आहे. २६ तारखेला गाडी घेऊन येतो. तोवर त्यांना एकदा विचारून बघ.

राग मानू नये. मानलास तर तोही टेकमध्येच बसतो.
तुझा मास्तर

१४ मार्च

चि. मास्तर यास,
आशीर्वाद. विचारलं. मास्तरकडे जायचं का, म्हटलं. टेक म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तेव्हा तुझा अर्थ बरोबर असावा.

शर्ट धुऊन इस्त्री केले आहेत. ते डाव्या कुशीवर झोपतात. दाढी करताना आरसा समोर धरावा लागतो, नाहीतर हात झटकतात. दिवा एकदम मालवू नये. बाकी तुला हळूहळू कळेल. मला राग आलेला नाही.
ताई

१७ मार्च

चि. मास्तर यास,
आशीर्वाद. काल त्यांची बॅग माळ्यावरून काढायला स्टुलावर चढले. खाली नाना टेक, टेक करत होतेच. उतरले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांच्याच पलंगाच्या कडेवर बसले. ते गप्प झाले. मी उठले, तर पुन्हा टेक. बसले, तर गप्प. मग त्यांनी डाव्या हाताने गादी थोपटली.

अरे, मराठीतला टेक! जरा टेक, बूड टेक. आई नाही का सगळ्यांना म्हणायची? नानांच्या तोंडी तो कधी नव्हता, म्हणून आपण फसलो. मी त्या खोलीत कधी बसतच नव्हते रे. त्यांना दिवसभर माझी धावपळ तेवढी दिसायची.

बराच वेळ बसून राहिले. मग बॅग माळ्यावर टाकायचं त्राण नव्हतं, म्हणून पलंगाखाली सरकवली, रिकामीच. गाडीचं तू ठरव.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सगळे अर्थ मी लिहिले, घरातला तेवढा सुटला. मुलांना आता कुठल्या तोंडाने शिकवू?

गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं. नाना तिथेच राहू देत. पण ते सांगताहेत ते माझ्याही कानी पडायला हवं. दर शनिवारी दुपारी येईन, रविवारी रात्री परतेन. दाढी, आंघोळ, चादरी माझ्याकडे. हीसुद्धा म्हणाली की हे आधीच व्हायला हवं होतं. तू मध्ये पडू नकोस.

लोभ असावा, विश्रांतीही असावी.
तुझा मास्तर

२९ मार्च

चि. मास्तर यास,
आशीर्वाद. नानांना दुसरा शब्द आलाय, तो तू ऐकलास की नाही कोण जाणे. शनिवारी तू दाढीचं पाणी तापवायला आत गेलास आणि मी साबण शोधत होते. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, जा.

मी दारात क्षणभर थबकले. इंग्रजीत याचा काही वेगळा अर्थ निघतो का, हेही मनात येऊन गेलं. मग चपला घातल्या.

तुला बाजारात जाते म्हणाले होते. मी पुलावर गेले. कठड्याला रेलून खालचं पाणी बघत उभी राहिले. तिथे माझं काही काम नव्हतं. दिवे लागल्यावर परत आले. पिशवी रिकामी होती, ती तुला दिसली आणि तू काही विचारलं नाहीस. बरं केलंस.

येत्या शनिवारीही मला बाजारात जायचं आहे.
ताई