आले की कळव

तीर्थस्वरूप वन्सं यांना भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुमचा खोकला गेला का? काढा घेता की नुसता करून ठेवता? आम्ही दोघं ठणठणीत आहोत, आणि तुमच्या धाकट्या भावाचा गुडघा तर आम्हा दोघांपेक्षा ठणठणीत आहे. हे पत्र त्या गुडघ्याबद्दल आहे, म्हणजे खरं तर आल्याबद्दल, म्हणजे अगदी खरं सांगायचं तर (आधी बसा, मग वाचा) तुम्ही गुडघ्यासाठी पाठवलेल्या आंबेहळदीबद्दल.

छापखान्यातून निवृत्त झाल्यावर यांचं काय झालं होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. चौतीस वर्षं माणसाने मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुकांवर संसार केला, आणि एके सकाळी चुकाच संपल्या. दोन महिने हे खिडकीपाशी खुर्चीत. बोलणं नाही, चिडणंसुद्धा नाही. औषधांच्या वेष्टनावरचा मजकूर वाचायचा आणि पेन्सिलीने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, एवढाच उद्योग. त्यात गुडघा सुजला. मला गुडघ्याची काळजी नव्हती, वन्सं. सूज उतरते. माणूस आतल्या आत विझत चालला होता, त्याने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात तुमचं पार्सल आलं. आत एक गाठ आणि चिठ्ठी, 'आले की कळव.' आता तुम्ही-आम्ही याचा अर्थ काय घेऊ? पार्सल पोचलं, की सांग. पण शब्दाशब्दाला अडून बसण्यात यांची हयात गेलेली. यांनी गाठीकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, की ताईने आले पाठवलं आहे, फक्त 'आले'पुढे स्वल्पविराम द्यायला विसरली. (दोन्ही गाठी दिसायला जुळ्या बहिणी. मीही फसले, उगाच खोटं कशाला बोलू?) कच्च्या कैरीसारखा वास येतो, असं मी म्हटलंही. तर म्हणाले, पोस्टात शेजारी कुणाच्या कैऱ्या असतील. तुम्हाला उत्तर गेलं, 'आले. लावले.' तुम्हाला वाटलं, उगाळून गुडघ्याला लावले. यांनी लावले होते बादलीत. पुढे तुम्ही विचारलंत, फरक आहे का? यांनी फूटपट्टी लावून कळवलं, रोज थोडा थोडा आहे.

बादली म्हणजे ती गळकी, मी भंगारात काढलेली. आल्याच्या मुळाशी पाणी साचलं की ते कुजतं, तेव्हा हिच्यासारखी बादली शोधून मिळायची नाही, असं ज्ञान हे वाचनालयातून घेऊन आले. कोंबाचा डोळा वर ठेवून गाठ पुरली आणि तिसऱ्या दिवशी उकरून पाहिली. सहाव्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, अहो, त्या बिचारीला जरा निजू द्या. तर मला विचारतात, पहिलं मुद्रित कुणी न तपासता सोडतं का? शेवटी मी खुरपं पिठाच्या डब्यात दडवलं, तेव्हा कुठे कोंबाला उसंत मिळाली. तो दिसला त्या दिवशी हे गॅलरीतून 'आलं आलं, आलं आलं' म्हणून असे नाचले, की खालची शिंपीणबाई कोण आलं ते बघायला कात्रीसकट वर आली.

तिथून पुढे आमची खुर्ची रिकामी झाली. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं आणि दुपारी कडक होतं, म्हणून बादली सकाळी आत, दुपारी जिन्याच्या सावलीत, संध्याकाळी गॅलरीत. दिवसाला तीन फेऱ्या, तेही आठ महिने. हे माझ्यावर चिडायला लागले, शिंपीणबाईंच्या पाटीवरची वेलांटी सुधारून आले, आंघोळ करताना गायलासुद्धा लागले. औषध गेलं बादलीत आणि गुण आला गुडघ्याला. मी किती सुखात होते, ते काय सांगू.

गेल्या आठवड्यात पानं पिवळी पडली, तेव्हा आम्ही बादली उलटी केली. टोपलीभर गाठी निघाल्या. कौतुकाने एक भाजीवालीला दाखवली, तिने मोडली, हुंगली आणि म्हणाली, "बाई, ही आंबेहळद आहे." मी गाठ पटकन पदराखाली लपवली. चौतीस वर्षांत एक चूक सुटली नाही, एवढीच त्या माणसाची मिरास, आणि तो एका चिठ्ठीत चुकला. हे कळलं की ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील. भाजीवालीचं तोंड मी बंद केलं आहे (घरात त्यापायी नको तेवढा भोपळा आहे). तुम्ही मात्र खोकल्याला जपा. बाकी सर्व क्षेम.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. हे तुम्हाला 'घरचं आलं' म्हणून टोपलीतल्या गाठी पाठवत आहेत. मोठ्या मनाने एवढंच लिहा, की आलं फार झणझणीत होतं. तुमच्या पाया पडते.

आणखी एक ता. क.

ताई,
पाकीट मी चहाच्या वाफेवर उघडलं आहे. बादलीतल्या रोपाचं पहिलं पान चुरगळून हुंगलं, तेव्हाच मला चूक कळली होती. तोंड पाडून हिला सांगायला आत गेलो, तर ही शिंपीणबाईंना सांगत होती, "आमचे हे पुन्हा हसायला लागले." मग कसलं सांगतो? मुकाट्याने बादली उचलून सावलीत नेली.

आता रोज सकाळी ही माझ्याकडे पाठ करून चहात बाजारचं आलं किसते. मी म्हणतो, घरच्याची सर कशालाच नाही, आणि दुसरा कप मागतो. तेव्हा तिने सांगितलंय तसंच लिही, आणि मी हे वाचलं, ते तिला कळू देऊ नकोस.

पत्रात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. तशाच ठेवल्या आहेत.