१९६२ च्या प्रवेश परीक्षेचा निकाल बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव श्रीमती हॅलम,
स्मृतिफलक उपसमिती,
स्केल्डरबी शाळा न्यास,
स्केल्डरबी.

विषय : दिवंगत कीथ इबट्सन यांचे नाव शाळेच्या युद्धस्मृती फलकावर लिहिता यावे, यासाठी १९६२ च्या निकालात दुरुस्ती करणेबाबत.

संदर्भ : आपले ३० सप्टेंबरचे नकारपत्र.

महोदया,

खाली सही करणारा मी, नेव्हिल इबट्सन, वय त्र्याहत्तर, आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी आणि पुढे तिथलाच गणिताचा शिक्षक, आता निवृत्त. आपले पत्र मिळाले. पत्र अतिशय सभ्य आहे. माझ्या भावाच्या मृत्यूबद्दल त्यात दुःखही व्यक्त केले आहे, ते बावन्न वर्षांनी का होईना पोहोचले. त्या पत्राला अनुसरून पुढील निवेदन सादर करीत आहे.

१. कीथ माझा जुळा भाऊ. सैन्यात होता. १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या एका गल्लीत गस्त घालताना गोळी लागून गेला, तेव्हा आम्ही एकवीस वर्षांचे होतो. शाळेच्या जुन्या सभागृहात युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा लाकडी फलक होता. छताचे काँक्रीट भुसभुशीत निघाल्यामुळे ती इमारत पाडायची ठरली आणि फलक नव्या इमारतीत लावण्यासाठी डागडुजीला उतरवला गेला. दर अकरा नोव्हेंबरला, युद्धस्मृतिदिनी, त्यावरची नावे मोठ्याने वाचली जातात. फलक खाली आहेच, तर कीथचे नाव त्यावर घालावे, एवढीच माझी विनंती होती. अक्षरे रंगवणाऱ्या कारागिराला मी भेटून आलो. तो माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "जागा आहे, सर. कोरियाच्या युद्धाच्या ओळीखाली चांगली वीतभर आहे. वरून हुकूम आणा, चहा निवायच्या आत लिहून देतो."

२. हुकूम मिळाला नाही. त्याचे कारण शाळेच्या इतिहासात आहे. आपल्या न्यासाने छापलेल्या इतिहासपुस्तिकेत लिहिले आहे की, एका लोकर-व्यापाऱ्याने गावातल्या गरीब मुलांसाठी मृत्युपत्रात शाळा ठेवली. पुढे लॅटिन आली, गणवेशाची टोपी आली, आणि 'गरीब' हा शब्द केव्हा गळून पडला ते पुस्तिका सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, वयाच्या अकराव्या वर्षी, सगळ्या मुलांची एकच परीक्षा सुरू झाली. पास झालेली मुले टेकडीवरच्या या शाळेत आणि बाकीची गॅस कारखान्याजवळच्या खालच्या शाळेत, जिथे सुतारकाम आणि वेळेवर येणे शिकवत. १९७४ मध्ये दोन्ही शाळा एक झाल्या. पुस्तिकेत टेकडीला अडतीस पाने आहेत. खालच्या शाळेला एक वाक्य आहे : "याच काळात शेजारी दुसरीही एक शाळा होती."

कीथ त्या वाक्यात शिकला. आपल्या पत्राप्रमाणे फलकाच्या मूळ दस्तऐवजात 'प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन दाखल झालेले विद्यार्थी' अशी अट आहे, आणि दोन्ही शाळा एक होण्यापूर्वीच कीथ मरण पावल्यामुळे तो आपला विद्यार्थी ठरत नाही. म्हणजे त्याने मरायची घाई केली. त्याच्या स्वतःच्या शाळेच्या जागी आज सुपरमार्केटचा वाहनतळ आहे. मी तिथेही चौकशी केली. त्यांच्याकडे फलक नाही.

३. परीक्षेला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. एका घरातले, एका पलंगावर झोपणारे, सकाळी एकाच भांड्यातली लापशी खाऊन आलेले. महिनाभराने दोन पाकिटे आली, एक जाड आणि एक पातळ. पास होणाऱ्याला सायकल घ्यायची, अशी आमच्या गल्लीत रीत होती. आमच्या घरी एक सायकल आली. कीथने ती पुसून दिली आणि म्हणाला, "बसा, साहेब. पण घंटी वाजवणार मी." रोज सकाळी तो मागे बसून, पुढे हात घालून घंटी वाजवायचा. चर्चच्या कोपऱ्यावर, जिथून टोपीवाली मुले दिसू लागत, तिथे आपणहून उडी मारायचा. मी बस म्हणालो तर म्हणायचा, "उगाच तुझी शोभा कशाला? आणि मला काय, उतारच आहे."

४. आमची आई एडना पंच्याण्णव वर्षांची असून वृद्धाश्रमात आहे. शिक्षक म्हणून मी दर नोव्हेंबरला त्या कार्यक्रमाला उभा राहिलो. घरी आलो की ती विचारायची, "कीथचं नाव घेतलं का रे?" मी नाही म्हणायचो. ती म्हणायची, "असू दे, बरीच नावं असतील त्यांना." यंदा तिने चाकाच्या खुर्चीतून स्वतः यायचे ठरवले आहे. तिचे म्हणणे असे : "मी समोर बसले की घेतील. आईच्या देखत कोण गाळतंय?" यावर तिला काय सांगावे, ते आपणच कृपया कळवावे.

५. सबब, पुढीलपैकी कोणतीही एक विनंती मान्य व्हावी.

(अ) कीथच्या उत्तरपत्रिकेची फेरतपासणी करावी. उत्तरपत्रिका केव्हाच नष्ट झाल्या, असे उत्तर येईल. मग तो नापास होता हे कशावरून? गुण कुणाच्याच घरी कळवले नव्हते. आधी वर्गातली बाके मोजत आणि मग पास कुठपर्यंत ते ठरवत, हे मी त्याच शाळेत नोकरी करून जाणतो.

(आ) ते शक्य नसल्यास फेरपरीक्षा घ्यावी. उमेदवार हजर राहू शकत नाही. परंतु आम्ही एकसारखे जुळे असल्यामुळे त्याच्या जागी मला बसू द्यावे. चेहरा तोच आहे, फक्त त्याच्यावर म्हातारे व्हायची वेळ आली नाही. बाक लहान असला तरी माझी तक्रार नाही.

(इ) तेही शक्य नसल्यास, आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता एकच असल्यामुळे आम्हा दोघांच्या उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली होती, असे नोंदवावे. पास कीथ झाला होता, नापास मी. तसे प्रतिज्ञापत्र मी केले आहे. हे खरे आहे का, मला माहीत नाही. आपल्यालाही माहीत नाही, आणि खोटे ठरवायला आता कागदही उरलेला नाही.

त्यानुसार विद्यापीठात गेलेल्या मुलांच्या सन्मानफलकावरचे माझे नाव खरवडून टाकावे. मला खालच्या शाळेचा विद्यार्थी म्हणून नोंदवावे. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, सैन्यात गेलो, हे मला मान्य आहे. पुढचेही मान्य आहे. ते बदलून देणे आपल्या अधिकारात नाही, म्हणून तेवढे मागत नाही.

निर्णय अकरा नोव्हेंबरपूर्वी व्हावा. आई त्या दिवशी पहिल्या रांगेत असेल.

आपला नम्र,

नेव्हिल इबट्सन
(१९६२ च्या परीक्षेत अनुत्तीर्ण)

स्केल्डरबी, १४ ऑक्टोबर २०२४

सोबत :
१. प्रतिज्ञापत्र.
२. सैन्याकडून आईला आलेल्या तारेची प्रत. मूळ तार आई देत नाही.
३. शाळेची टोपी, माझ्याकडून परत. ती कीथच्या नावे जमा करावी. त्याला बरोबर बसते. आणली त्या दिवशी आम्ही दोघांनी घालून पाहिली होती.