खरेपणा थोडा वाढवला

४ मार्च
धाकट्या जावेच्या रीलमध्ये 'क्रीम लावण्याआधी' म्हणून जो चेहरा आहे, तो माझा. लेकीने खात्री केली. डोळ्यांवर काळी पट्टी आहे, पण हनुवटीवरची चामखीळ आपल्याच घरातली, म्हणाली. 'लावल्यानंतर' म्हणून जावेचा चेहरा. म्हणजे हे क्रीम लावलं की माणूसच बदलतं!
फोटो ह्यांच्या वाढदिवसाचा. मी नुकतीच मोठी पातेली घासून आले होते.
जावेला फोन केला. म्हणे, ताई, तुम्हाला कोण ओळखतंय त्यात? आणि तुमची स्किन किती नॅचरल आहे, लोकांना आपली वाटते.
नॅचरल! बघतेच तिला.

५ मार्च
ठरलं. सूड वगैरे नाही, समाजकार्य. लेकीच्याही हनुवटीवर तशीच चामखीळ. कालपासून पोर हनुवटीवर हात ठेवून बोलते. वर्गाच्या ग्रुप फोटोला जाणार नाही म्हणते. रीलमधलं खरं काय, बनावट काय, हे तिला कळायलाच हवं.
ते सांगायला माझ्याइतकं लायक कोण? स्टुडिओत पासपोर्ट-व्हिसाचे फोटो मीच करते. त्याला टच-अप अजिबात चालत नाही. लोकांचे खरे चेहरे बघण्यात माझी उमर गेली.
लेकीला लाइट, अँगल, फिल्टर सगळं समजावलं. तिने जांभई दिली. रुजायला वेळ लागतो.

९ मार्च, सकाळी
देव आहे! जाऊ स्वतःच्या पायांनी स्टुडिओत आली. क्रीमवाल्या कंपनीने परदेशी बोलावलंय, व्हिसाला फोटो हवा. मालकांना म्हटलं, घरचं माणूस आहे, मीच काढते. स्टुलावर बसवली. केस कानामागे, हसायचं नाही, समोरून सपाट लाइट. आता कुठे पळशील?
स्क्रीनवर मोठा करून बघितला. डाग नाही. सुरकुती नाही. कॅमेरा बिघडलाय.

९ मार्च, दुपारी
मालकांनी तपासला. कॅमेरा ठीक आहे.
डोळ्यांखाली जरा सावली दिली. नाकाशेजारच्या रेषा ठळक केल्या. ह्याला टच-अप म्हणत नाहीत. टच-अप म्हणजे माणूस सुंदर करणं. मी खरेपणा थोडा वाढवला, इतकंच. मग हात बसला, तेव्हा गळ्याकडेही लक्ष दिलं.
प्रिंट पाकिटात घालून दिले. जावेने न बघताच पर्समध्ये टाकले. स्वतःला इतकं गृहीत धरू नये.

१० मार्च
लेकीला मोबाइलवर तो फोटो दाखवला. म्हटलं, ही बघ तुझी खरी काकू. बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, काकू आजारी आहे का?
पोर विचार करायला लागली. उपाय लागू पडतोय.

१४ मार्च
व्हिसावाल्यांनी फोटो परत पाठवला. चेहरा जुळत नाही. खिडकीतल्या बाईने जावेला विचारलं म्हणे, चुकून आईचा फोटो आणलात का?
जाऊ स्टुडिओत आली. मालकांनी मूळ फाइल उघडली, शेजारी माझी. मी म्हटलं, लाइटचा फरक. मालक म्हणाले, बाई, लाइटने वीस वर्षं वाढत नाहीत.
जाऊ भांडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाली, ताई, व्हिसाची तारीख हुकली माझी. आणि गेली. एकही उत्तर वापरता आलं नाही.

१५ मार्च
लेक बोलत नाही. ह्यांनी मध्यस्थी केल्यावर एकदाच बोलली. तुझा फोटो काकूने पाच तारखेलाच काढून टाकला, मी रडले म्हणून. तुला सांगायला आले, तर तू फिल्टरवर भाषण देत होतीस. आणि काकू निदान 'फिल्टर वापरलंय' असं लिहिते तरी.
ग्रुप फोटोला मात्र जाणार आहे. म्हणजे समाजकार्य वाया गेलेलं नाही.

१६ मार्च
जाऊ उद्या पुन्हा फोटोला येणार आहे. काढणार मालक. कॉम्प्युटरवरही तेच बसणार. मी स्टुलामागे पांढरा पडदा ताणून धरायचा. मालकांनी बजावलंय, फ्रेममध्ये येऊ नका.