सातव्या वळणाचं वजन

३ मार्च, सकाळी ६
स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: गाडीचा सांगाडा (वेल्डिंग चार वेळा, चौथं टिकलं). पेडल. सायलेन्सर. सीट (कापड मी निवडलं, शिवली हिने). जेवणाच्या टेबलावर प्लास्टरचा डोंगर, त्यावर रेसचा अकरा वळणांचा ट्रॅक, चढ-उतार मापात. इंजिन माझं नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.
पुढच्या वर्षीपासून क्लबच्या रेसमध्ये पंचावन्न पूर्ण झालेले बाद. मला मे महिन्यात होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अट एकच: चाचणीत एक फेरी २:१० च्या आत. होईल.

९ मार्च
पहिला सराव. बॅटरी आणि टाकी दोन्ही माझ्या बाजूला आल्यात (मुद्दाम), त्यामुळे शेजारी वजन लागतं. हिला बसवलं. शिवणाचं दुकान बंद ठेवावं लागतं म्हणाली. दिवसाचे तीनशे ठरले. वजनाने बोलायचं नाही, हेही ठरलं.
२:१९. टायर थंड होते.

१६ मार्च
सातवं वळण. चढ संपेपर्यंत पुढचं काही दिसत नाही. माथ्यावर गाडी हलकी होते आणि लगेच उतारावर डावीकडे वळायचं. ब्रेक माथ्याआधी मारून संपला पाहिजे. माथ्यावर मारला तर चाकं नुसती ऐकून घेतात. हे मी टेबलावरच शोधून काढलं होतं.
आज नेमक्या क्षणी ब्रेक मारला. किंचित आधी ही "आता" म्हणाली. योगायोग. २:१३.
म्हणते, कॉलरचं टोक शिवताना पाय टोकाच्या आधी उचलायचा, सावकाश वळायचं, मग मशीन पळवायची. कॉलर आणि डोंगर यांत फरक असतो, हे समजावून सांगितलं.

२३ मार्च
बोलायचं नाही याची आठवण दिली. नाही बोलली. सातव्यावर सरळ खडीत. टायरांच्या भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबलो. वारा होता.
बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणे, माझे तीनशे कापले असते तुम्ही.

३० मार्च
"आता" एवढ्या एका शब्दाला परवानगी. २:०८!
मेहुणा घड्याळ घेऊन उभा होता. म्हणतो, "भाऊजी, ही वेळ तुमची की ताईची?" मी हसलो नाही.
इंजिन थंड करायची शेवटची फेरी बक्षीस म्हणून हिला चालवू दिली. मेहुणा म्हणतो, २:०९. घड्याळ बिघडलंय.

६ एप्रिल
क्लबच्या प्रशिक्षकाने सांगितलं, चाचणीत शेजारी माणूस चालणार नाही. वाळूची गोणी चालेल. उत्तम. गोणी एकसष्ट किलो भरली. ही म्हणते, मी छप्पन्न. काट्यावर उभी राहायला मात्र तयार नाही. एकसष्टच ठेवली.
रोज रात्री टेबलावर बोटाने फेरी मारतो. बोट एकदाही खडीत गेलेलं नाही.

१३ एप्रिल. चाचणी
सहा वळणं लोण्यातून सुरी. मग सातव्याचा चढ. मी वाट पाहिली. कशाची, ते लिहायची गरज नाही. गोणी काही बोलली नाही. माथा आला, गाडी हलकी झाली, मग मी ब्रेक मारला.
खडी. टायरांची भिंत. मी ठीक. गोणी फुटली. वाळू ओली होती, त्यामुळे वजन चुकलं असणार.

१४ एप्रिल
नियम वाचला: गाडीला दोन संधी, चालक बदलला तरी चालतो. दुसरी रविवारी. पुढचा वाकलेला रॉड मेकॅनिकने सरळ केला. मेहुण्याकडून २:०९ ऐकून प्रशिक्षकाने नवा फॉर्म घरी आणून हिच्या हातात दिला. चालकाच्या रकान्यात हिची सही. वय एकोणपन्नास. माझ्या पेनने.
सातवं वळण येरागबाळ्याचं काम नाही, असं मी बजावलं. हिने ऐकून घेतलं. मग टेबलावरचा माझा डोंगर हलकेच बाजूला सरकवून ताटं मांडली आणि म्हणाली, "अहो, उद्यापासून रोज सराव आहे. गोणी तर फुटली. तुम्ही बसा शेजारी. फक्त बोलायचं नाही."
मी स्पष्ट नकार दिला. दिवसाचे तीनशेच देत होती.